सुरीच्या मुठीचा काळा रंग

मटणाची सुरी कोणती आणि भाजीची कोणती, हे कोणालाच सांगता येईना. सुभेदार जाधवांनी पोतं उलटं करून सगळ्या सुऱ्या माझ्या बाकावर ओतल्या.

"ओळखा, मिस्त्री."

मला ओळखता आल्या नाहीत. काळ्या मुठींचा रंग उडून त्या मातकट झाल्या होत्या आणि तोच रंग साध्या मुठींना लागला होता.

लढाईचा काळ होता. नगरच्या कॅम्पातल्या कुकहाऊसला, म्हणजे लष्करी भटारखान्याला, सुऱ्या पुरवायचं काम आमच्या कारखान्याकडे होतं. पाती आमच्याच भट्टीत बनत, मुठी आणि पॉलिश माझ्याकडे. काळी मूठ मटणाची, साधी मूठ भाजीची, असा ठराव होता.

"भोपळ्याच्या फोडींवर काळे डाग उमटले," सुभेदार म्हणाले. "माझ्याकडं मटण न खाणारे लई जवान हायेत. त्यांना वाटलं, मटणाची सुरी भाजीला लावली. सगळी पंगत ताटावरनं उठली. उपाशी माणसांना मी काय सांगू?"

आमचे मालक केशवशेठ पुढे झाले. "सुभेदारसाहेब, पॉलिशचा आणखी एक हात मारून देतो."

"हात नगं. कॅप्टनसाहेबांनी माल रिजेक्ट केलाय. नवं सॅम्पल आणा, न्हाईतर काम पुण्याला जातंय."

कॅम्पाचं काम गेलं असतं तर भट्टी विझली असती. तिच्यावर आम्हा सगळ्यांची चूल पेटत होती.

चूक कुठे होती, ते सोपं आहे. आम्ही लावत होतो ते कपाटाचं पॉलिश. पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. खुर्चीवर ती झकास चमकते. गरम पाण्यात मात्र पांढरी पडते, सुटते आणि तिच्याखाली दिलेली बाजारची काळी बुकणी वाहून जाते. कुकहाऊसमध्ये तर सुऱ्या उकळत्या पाण्याने धुवायच्या. वरून फासलेला कुठलाच रंग तिथे टिकणार नव्हता. लाकूडच काळं व्हायला हवं होतं.

शिसम मुळातच काळपट असतो, पण लढाईत शिसम कुठला मिळायला? आमच्याकडे होती बाभूळ. तिच्याबद्दल सुतारांची एक जुनी तक्रार आहे. ओल्या बाभळीत लोखंडी खिळा राहिला की भोवती काळा डाग पडतो. रंधा मारला तरी जात नाही. आयुष्यभर मी त्या डागाला शिव्या दिल्या होत्या. आता मला तोच हवा होता.

भट्टीजवळचे लोखंडाचे गंजलेले तुकडे गोळा केले आणि मडक्यात गुळाच्या पाण्यात आंबत ठेवले. केशवशेठ रोज येऊन डोकावत आणि नाक दाबून परत जात. "मिस्त्री, सुऱ्या करताय की दारू गाळताय?"

मडकं तयार झालं तेव्हा बाभळीची साल उकळली, कातडं कमावायला वापरतात तीच. लोखंडाशी मिळून काळं होणारा तुरट रस सालीत जास्त असतो. त्या काढ्यात मुठी भिजवून वाळवल्या. मग लोखंडाचं पाणी गाळून फडक्याने एका मुठीवर फिरवलं. मूठ आधी राखी झाली, मग जांभळट आणि बघता बघता काळी कुळकुळीत. मी करवतीने तिचा काप घेतला. काळेपणा आत उतरला होता!

"शेठ, या हिकडं!" मी एवढ्यांदा ओरडलो की भट्टीवरचे लोहार हातोडे टाकून धावत आले.

पाणी नितळ निघेपर्यंत मुठी धुतल्या. आता लाकूड पाणी पिऊ नये म्हणून जवसाचं तेल द्यायचं राहिलं. केशवशेठांनी रंगाऱ्यांचं बेलतेल आणलं. तेही जवसाचंच, पण उकळलेलं आणि लवकर वाळावं म्हणून शिसं घातलेलं.

"हे नको, शेठ. शिसं म्हणजे विष."

"अहो, सुरी कोण चाटतंय? कॅप्टन घाई करतोय."

"त्याला थांबायला सांगा. मी घाण्यावरचंच तेल लावणार."

ते चिडले, पण ऐकलं. घाण्याच्या तेलाचे पातळ हात चोळून मुठी पत्र्यावर उन्हात ठेवल्या. नगरचं ऊन फुकट असतं आणि कामाला चोख.

कॅप्टनसाहेबांनी सॅम्पल हातात घेतलं, वास घेतला आणि पांढऱ्या टबात उकळतं पाणी मागवलं. सुऱ्या त्यात बुडल्या. आम्ही सगळे पाण्याकडे बघत उभे. केशवशेठांनी डोळे मिटले होते. बऱ्याच वेळाने सुऱ्या वर काढल्या. मुठी काळ्याच्या काळ्या आणि पाण्यातून टबाचा तळ स्वच्छ दिसत होता.

साहेब इंग्रजीत काहीतरी बोलले. सुभेदारांनी मला सांगितलं, "साहेब इचारत्यात, हे तेल पोटात गेलं तर?"

तेलाचा डबा मी बरोबर नेला होता. दुपारच्या जेवणाची भाकरी फडक्यातून सोडली, तेच तेल तिच्यावर ओतलं आणि साहेबांसमोर खाल्ली. सुभेदारांनी हात पुढे करून एक तुकडा घेतला, चावला आणि साहेबांना म्हणाले, "नमक कम है, साब."

साहेब खदखदून हसले. "पास!"

पुढे कॅम्पातल्या सगळ्या कुकहाऊसांची ऑर्डर आम्हाला मिळाली. सुऱ्यांपाठोपाठ वाढायचे डाव आणि भाजी चिरायचे लाकडी पाटही आले. सुभेदारांनी मला एकदा मुद्दाम पंगतीला बोलावलं. भोपळ्याचीच भाजी होती आणि जवान दुसऱ्यांदा मागून घेत होते.

केशवशेठांचं बेलतेल नाकारताना माझ्या मनात जे होतं, तेच पुढे प्रत्येक नव्या पॉलिशवाल्याला सांगत आलो: स्वयंपाकघरात जे जे लावाल, ते लावताना कोणाच्या तरी ताटात वाढतोय असंच समजा.