अल्बर्टसाठी दहापर्यंत

माझं तोंड मोठं आहे, हे आधीच कबूल करतो. दुबईच्या बर दुबई भागात वीस-बावीस वर्षं जेवणाच्या डब्यांचा धंदा केला की माणूस बोलका होतोच. अल्बर्ट नेमका उलटा. मूळचा वसईचा, एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट कॅप्टन, शारजात अल मजाज भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारा. चारशे पानांच्या लग्नात कुठल्या टेबलावरच्या आजोबांना मीठ चालत नाही, हे तो कागद न बघता सांगायचा, तेही मोजक्या शब्दांत. त्याचं एक वाक्य आणि माझी चाळीस, अशी आमची दोस्ती चालली होती.

एका बाबतीत मात्र तो हट्टी होता. केली नावाची मुलगी झाली, तेव्हाच त्याने फतवा काढला की घरात इंग्रजीच बोलायचं. "इंटरव्ह्यूत मला घाम फुटला होता, शेखर. माझ्या पोरीला फुटता कामा नये." त्याची बायको मॉली चुकून मराठीत बोलली की तो बोटाने टेबल वाजवायचा. संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थनासुद्धा इंग्रजीत. "देवाची आई लंडनची होती का रे?" असं मी चिडवायचो. तो हसायचा, पण नियम मोडायचा नाही. केली फाडफाड इंग्रजी बोलत मोठी झाली. मराठी तिला जेवणाखाण्यापुरतीच कळायची.

गेल्या जानेवारीत, बासष्टाव्या वर्षी, दाढी करता करता अल्बर्ट कोसळला. पक्षाघात. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. इस्पितळात त्याची इंग्रजीतून तपासणी झाली. खिडकी दाखवा म्हटलं तर तो भिंतीकडे बघत राहिला. रिपोर्टात लिहून आलं की पेशंटला सूचना समजत नाहीत. तो कागद वाचल्यापासून घरात त्याच्यासमोर त्याच्याबद्दल असं बोलणं सुरू झालं, जणू तो तिथे नाहीच. मला राग यायचा. पण मी तरी काय शहाणा होतो? त्याने तोंड उघडलं की वाक्य मी पुरं करायचो. "पा..." म्हणाला की मी पाणी आणायचो. बिचाऱ्याचा पाय दुखत असायचा.

मॉलीची ऑफिसची नोकरी, म्हणून दर मंगळवारी आणि गुरुवारी त्याला दुबईत सिलिकॉन ओएसिसच्या थेरपी सेंटरला न्यायचं काम मी घेतलं. तिथे नीलिमा म्हणून एक स्पीच थेरपिस्ट होती. नागपूरची पोरगी, माझ्या निम्म्या वयाची, पण माझ्या आवाजाला अजिबात न दबणारी. पहिल्या दिवशी तिने त्याला इंग्रजीत आकडे म्हणायला लावले. काही नाही. मग ती "एक, दोन" म्हणाली आणि थांबली. बराच वेळ गेला. अल्बर्ट म्हणाला, "तीन." आणि अडखळत नऊपर्यंत गेला. मग तिने मराठीत विचारलं, "खिडकी कुठेय?" त्याने डावा हात उचलून खिडकी दाखवली. मी तिथेच रडलो, त्यात लाज कसली?

"डोकं शाबूत आहे, शब्दांची वाट अडलीये," नीलिमा म्हणाली. "मराठीची वाट जरा मोकळी दिसते, तिथून जाऊ. इंग्रजी मागोमाग येईल, इन्शाल्ला." मग तिने दोन गोष्टी बजावल्या. एक, त्यांना विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर कुणी बोलायचं नाही. हे माझ्याकडे बघून. दुसरं, त्यांच्या 'हो'ची आणि 'नाही'ची अदलाबदल होते, मानसुद्धा उलटी हलते, त्यावर विसंबायचं नाही.

लहानपणी पाठ झालेलं काय आहे, असं तिने विचारलं तेव्हा मॉलीला आठवली ती वसईची रोझरी. 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. पहिला भाग अल्बर्टला जमेना. दुसरा मात्र एका दमात, अख्खा बाहेर आला. मग केलीने तो पहिला भाग मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतला. तिचा 'ण' आणि 'ळ' ऐकून देवालाही घाम फुटला असता. पण ती आपला भाग म्हणायची आणि ज्याला पाणी मागता येत नव्हतं तो तिचा बाप उरलेली प्रार्थना पुरी करायचा. पहिल्या दिवशी ती उठून बाथरूममध्ये गेली आणि डोळे धुऊन आली. "अंकल," ती मला म्हणाली, "आय नेव्हर हर्ड हिम लाइक धिस."

ऑगस्टमध्ये तिला कॅनडात शिकायला जायचं होतं. दोन वर्षं खपून मिळवलेली जागा. बॅग काढली त्या दिवशी मी तिथेच होतो. अल्बर्टने डाव्या हाताने बॅगेचा पट्टा धरला. रडत रडत म्हणाला, "नाही... के... नाही... नाही." मान जोरजोरात हलवत होता.

केलीने माझ्याकडे बघितलं. मी सांगून मोकळा झालो, "जाऊ नको म्हणतोय गं. बापाचं काळीज आहे."

तिने बॅग कपाटावर टाकली. "खलास. आय ॲम नॉट गोइंग." रविवारपर्यंत जागा सोडल्याचं कळवायचं, एवढंच राहिलं. त्यानंतर अल्बर्टने जेवण टाकलं. बॅगेकडे बघायचा आणि कण्हायचा. आम्ही म्हणायचो, आता तर ती राहतेय, मग हा का रडतो?

गुरुवारी मी हे सगळं नीलिमाला रंगवून सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"काका, ते नक्की काय म्हणाले?"

"नाही, नाही म्हणाला."

"आणि 'नाही'बद्दल मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

पोरीचं आयुष्य मी एका वाक्यात उरकलं होतं. बाजूच्या खुर्चीत अल्बर्ट मान खाली घालून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न नको," नीलिमा म्हणाली. "शब्द त्यांनाच शोधू द्या. विचारायचं केलीने, आणि मराठीत."

त्याच संध्याकाळी रोझरी झाल्यावर मॉलीने केलीला वाक्य शिकवलं. केली बापासमोर जमिनीवर बसली. बॅग मधोमध ठेवली होती.

"डॅडी, मी काय करू?"

मी मोजायला लागलो. दोनला त्याचे ओठ हलले. चारला थांबले. पाचला त्याने डोळे मिटले, कपाळावर घाम आला. मला कळलं, ह्याला नाही जमत, ह्याचा जीव चाललाय, कुणीतरी मदत करायला हवी. सातला मी तोंड उघडलं. मॉलीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

आठ.

नऊला अल्बर्ट म्हणाला, "जा."

केली हलली नाही. त्याने पायाने बॅग तिच्याकडे ढकलली आणि पुन्हा म्हणाला, "जा, के-ली. जा." मग डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीचा हात वाजवला, मॉली चुकली की टेबल वाजवायचा तसाच.

केली गेली. आता रोज संध्याकाळी तिकडून फोन येतो, ती तिचा अर्धा भाग म्हणते, हा त्याचा म्हणतो. त्याचे शब्द अजून तीसेकच आहेत. इंग्रजी आलेलं नाही. मी शेजारी बसतो आणि गप्प राहतो. सातला मी तोंड उघडलं होतं, हे मात्र विसरता येत नाही. मी म्हणणार होतो, "राहू दे गं, तो थकलाय. मी सांगतो त्याला काय म्हणायचंय ते."