वाट फुटते तिथं तीन दगड

लोक विचारतात, या वयात डोंगरात पळता, भ्या नाही वाटत का? वाटतं. लई वाटतं. कुत्र्यांचं वाटतं, कारण नव्या प्लॉटिंगवरची कुत्री पळणाऱ्या माणसाला चोरच समजतात. मुरमावरून पाय सटकायचं वाटतं. वर पाणी उरलं नाही म्हणून बिबट्या खाली कॉलनीकडं येतो असं ऐकतो, त्याचंही वाटतं, पण बिबट्या खाईल तर एकदाच खाईल. माझं खरं भ्या वेगळं आहे. ते सांगायचं तर आधी माझ्या बायकोचं सांगावं लागेल.

आम्ही कन्नड तालुक्याकडचे मेंढरंवाले. मी चौथीपर्यंत शाळेत बसलो, मग मेंढरांमागं गेलो. लग्नानंतर शहरात आलो, कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून राहिलो आणि तिथंच म्हातारा झालो. शहराच्या कडेला सातारा परिसर म्हणून भाग आहे, तिथं डोंगराच्या पायथ्याला दोन खोल्या बांधल्या. तेव्हा घरामागं शेत होतं आणि शेतामागं डोंगर. आता घरामागं बिल्डिंग आहे आणि तिच्यामागंही बिल्डिंग. डोंगर बघायचा तर गच्चीवर जावं लागतं.

कारभारीण एक दिवस दळण घेऊन गिरणीवर गेली आणि घरी आलीच नाही. गिरणी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी. शोधत गेलो तर ती मोठ्या रोडला, टँकरच्या लाईनीत, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन उभी. मी म्हणालो, "इकडं कुठं?" ती म्हणाली, "घर सापडंना हो. हितंच होतं की." मी हसलो. तीपण हसली. नवीन बिल्डिंगा झाल्यात, कोणीपण चुकंल, असं आम्ही दोघं एकमेकांना म्हणत घरी आलो.

सुरुवात अशी झाली. पुढं ती दूध आणायला जाऊन स्टँडवर सापडली. पुढं संडासाचा दरवाजा विसरली. शेवटी मला विचारायची, "तुम्ही कोणाकडले?" मी सांगायचो, "कन्नडकडला." मग ती खूश व्हायची, म्हणायची, "मंग आमच्याकडलेच की." उन्हाळ्यात गेली. यापेक्षा जास्त तिच्याबद्दल मला लिहायचं नाही.

ती गेल्यावर पहाटे जाग यायची आणि घरात बसवायचं नाही. म्हणून डोंगरावर चालायला जाऊ लागलो. पळायला मला एका कुत्र्यानं शिकवलं. प्लॉटिंगच्या तारेखालून ते बाहेर आलं आणि मी जो सुटलो तो डोंगराच्या सोंडेवर चढून माळावर गेल्यावरच थांबलो. छाती भात्यासारखी चालली होती. वर वारं होतं. खाली सगळं शहर धुरकट पसरलेलं. तेव्हा ध्यानात आलं की मघापासून मला कारभारणीची आठवण आलेली नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी परत गेलो.

तिथं रविवारी शहरातली मंडळी पळायला यायची. रंगीत बूट, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडाजवळ. त्यातली एक दाताची डॉक्टर होती. ती एकदा थांबून म्हणाली, "काका, तुम्ही मस्त पळता. कुठला प्लॅन फॉलो करता?"

"कुत्र्याचा," मी म्हणालो.

तिला वाटलं मी मस्करी करतोय. तिनं मला सांगितलं की याला ट्रेल रनिंग म्हणतात. मी म्हणालो, "आम्ही याला मेंढरं वळवणं म्हणायचो." पुढच्या रविवारी तिनं नवऱ्याचे जुने बूट आणून दिले. ते एका नंबरानं मोठे होते, मी दोन मोजे घालून बसवले. एकदा ही मंडळी मला खुलताबादच्या डोंगरातल्या स्पर्धेलाही घेऊन गेली. शेवटून तिसरा आलो, आणि मागचे दोघं फोटो काढत थांबले होते म्हणून मागं राहिले. तरी पदक मिळालं आणि केळी खाल्ली. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अभिनंदन काका, आता तुम्ही खरे रनर झालात." नख गेल्याचं अभिनंदन पहिल्यांदाच ऐकलं.

पण मला आवडायचं ते आठवड्यातलं एकट्याचं पळणं. तितर भुर्रकन पायातून उडतो. ऊन वर यायच्या आधी दगड गार असतात. कोणी बोलत नाही, कोणी आबा म्हणत नाही.

पाऊस गेला तसा डोंगर उघडा पडत गेला. गवत गेलं. गवत असतं तेव्हा पायवाट पायवाटेसारखी दिसते. गवत गेल्यावर सगळा माळच वाटेसारखा दिसायला लागतो, जिकडं बघावं तिकडं मुरूम आणि माती. माळावर एका ठिकाणी वाट फुटते. डावीकडची पाझर तलावाकडून आमच्या कॉलनीत उतरते. उजवीकडची पलीकडं खडीक्रशरकडं जाते, तिथून घर लई लांब. तिथं एक सालईचं झाड होतं, ते मी खुणेला धरायचो. ते कोणीतरी सरपणाला तोडलं. मग तलावाच्या पाण्याची चमक धरायचो. पाणी आटलं. मग मी बापाची रीत केली. मेंढरं घेऊन परमुलखात जाताना वाट फुटली की बाप योग्य वाटेच्या तोंडाशी तीन दगड एकावर एक ठेवायचा, मागून येणारा चुकू नये म्हणून. मी डावीकडच्या वाटेच्या तोंडाला तसे तीन दगड ठेवले. खाली रुंद, वर बारका. त्यानं काम भागलं.

मग माझा घोटा मुरगळला. घरीच पडून राहिलो. त्यात डोंगराखालच्या खंडोबाची जत्रा होऊन गेली, थंडी गेली, ऊन चढायला लागलं. पाय टेकवायला लागल्यावर एका सकाळी मुलाला न सांगता निघालो. चढ जमला. घोट्यानं कुरकुर केली, पण जमला. माळावर पळत आलो तर समोर तीन दगड. डावीकडं वळलो.

थोडं पुढं गेलो तर परत तीन दगड. मी इथं दगड ठेवल्याचं मला आठवेना. म्हटलं ठेवले असतील. वळलो. पुढं परत. मग पाच दगडांची एक उतरंड. मग दोन जवळजवळ. मी थांबलो आणि चारी बाजूंना बघितलं तर माळभर दगडांवर दगड, जिकडं तिकडं उभे.

त्या वेळेला मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मला एकच वाटलं, हे सगळे मीच रचले. रोज येत असणार आणि रोज विसरत असणार. घोटा मुरगळून घरी पडलो होतो ते तरी खरं का, हे मी वाकून घोटा दाबून बघितलं. दुखला. पण दुखणारा घोटा काही शाबित करत नाही. कारभारणीलाही गुडघे दुखायचेच की.

मी एका वाटेनं उतरायला लागलो, ती खाणीच्या कड्यावर जाऊन संपली. खाली डोंगर निम्मा कापलेला. परत वर आलो. दुसरीकडून गेलो, तिकडं तार लावलेली. ऊन डोक्यावर आलं. बाटलीतलं पाणी संपलं. आता मी पळत नव्हतो, तरी धाप लागत होती. बिल्डिंगा दिसत होत्या, पण सगळ्या बाजूंना दिसत होत्या, आणि आपली बाजू कुठली हे सांगणारं त्यात काही नव्हतं. घर हितंच होतं की. हे मी तोंडानं बोललो आणि मग तोंडावर हात दाबला.

तेवढ्यात बाईचा आवाज आला. "अहो, तो नको, डुगडुगतोय. चपटा बघा."

पुढं उताराला एक जोडपं बसलेलं. पोरगी पदर खोचून, पोरगा हातात दगड घेऊन. दगडावर दगड चढवत होते. मी त्यांच्याजवळ गेलो, तर पोरगा उठून उभा राहिला. माझं तोंड बघूनच उठला असणार.

"काय झालं बाबा? पाणी पिता का?"

मी पाणी प्यालो. मग विचारलं, "हे काय करताय?"

पोरगी लाजली. "घर बांधतोय, बाबा. तिकडं शहरात, औरंगपुऱ्यात भाड्यानं एका खोलीत राहतो ना, सासू-सासरे, दीर, सगळे. इथं दगडाचं घर केलं की स्वतःचं घर होतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. जत्रेला आलो तेव्हा लोक करत होते. तिथं पुढं म्हणे आधीपासूनच एक होतं, तीन दगडांचं. कोणी ठेवलं माहीत नाही. जुनं असणार. म्हणून ही जागा पावते."

पोरगा म्हणाला, "आमच्या ऑफिसातल्या एकाचा फ्लॅट झाला बाबा, बीड बायपासला. टू बीएचके."

मी खालीच बसलो. हसू येत होतं. ते दगड माझे आहेत, मेंढराच्या वाटेचे आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. पोरीनं एवढ्या निगुतीनं घरावर दुसरा माळा चढवला होता. मी म्हणालो, "खालचा दगड अजून रुंद घे, बाई. नाहीतर वारं पाडंल." मग मी त्यांना रस्ता विचारला. माझ्याच डोंगरावर, औरंगपुऱ्यातल्या भाडेकरूंना. पोरानं गाडीवरून कॉलनीच्या तोंडापर्यंत सोडलं.

मुलगा गेटातच उभा होता. त्याची कंपनीची वेळ टळून गेली होती. मी त्याला सगळं सांगितलं. दगडाचं सांगितलं, जत्रेचं, पोरीचं. त्याला हसू येईल असं सांगितलं, कारण मला त्याच्याकडून ऐकायचं होतं की आबा, यात तुमची काय चूक.

तो हसला नाही. खाली बघून म्हणाला, "दगडांचं पटलं आबा. कोणीपण चुकलं असतं."

"मंग?"

"सकाळी तुम्ही गॅस चालू ठेवून गेला होता. पातेलं जळालं. चहासुद्धा टाकलेला नव्हता त्यात."

मी म्हणालो, "मी चहा केलाच नाही आज."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

दोन दिवसांनी तो मला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं वार विचारला, साल विचारलं, काही शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. एक शब्द मला आला नाही. मग कागद देऊन म्हणाला, घड्याळ काढा. मी काढलं. आकडे एका बाजूला गोळा झाले. माझं अक्षर पहिल्यापासून वाकडं आहे. घड्याळ वाकडं आलं ते डोक्यामुळं का चौथीमुळं, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. तो म्हणाला, वयानं थोडं होतं, सहा महिन्यांनी दाखवा. घरी येताना मुलगा गाडी चालवत होता. मी त्याच्या खांद्याला धरून बसलो होतो. तो लहान असताना सायकलवर माझ्या पोटाला धरून बसायचा, तसा.

एकटं पळणं बंद झालं. मुलानं बंद केलं असं मी लोकांना सांगतो, पण खरं म्हणजे माझीच छाती होत नाही. आता फक्त रविवारी जातो. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगून टाकलं, गॅससकट. त्या काही वेळ दातांच्या डॉक्टरसारख्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही माझ्यामागं पळायचं. वाट फुटली की कुठं वळायचं ते तुम्ही ओरडायचं. मी तुमचं ऐकणार."

"आणि चुकलं तर?"

"तर दोघं मिळून चुकू. माझी पहिली अपॉइंटमेंट अकराला आहे."

तसं आम्ही पळतो. त्या पुढं, मी मागं. दगडांची घरं अजून वाढलीत, त्यांच्याकडं मी बघत नाही. जमिनीकडं बघतो, मेंढरांच्या लेंड्या कुठं पडल्यात, उतार कुठं ढळलाय. डावीकडं, मी ओरडतो. त्या वळतात. उजवीकडं, सोंडेनं. त्या वळतात. अजून चुकलो नाही.

मागच्या रविवारी एका ठिकाणी मला लगेच सांगता आलं नाही. वाट ओळखीची होती, शब्द ओठावर होता, पण निघेना. बाईंनी मागं वळून बघितलं नाही. नुसत्या हळू झाल्या, मग जागच्या जागी पळायला लागल्या, बुटांचा आवाज तेवढा येत राहिला.

"डावीकडं," मी म्हणालो.

त्या डावीकडं वळल्या. मी त्यांच्यामागं उतरलो.