गच्चीवरची मोटर

लिफ्टचं दार ओढून घेतलं की ते आतल्या पत्र्यावर पंजा ठेवायचे, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणायचे, "चल बाय, दमानं." मग बटण दाबायचे. नगरच्या आमच्या तीन मजली दवाखान्यात ते लिफ्ट चालवायचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मी तिथे फरशी पुसते.

सुरुवातीला मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नसे. आडातल्या बादलीसारखी ती दोरावर लोंबकळते, दोर तुटला की संपलं, असं वाटायचं. तुमच्यापैकीही कुणाला वाटत असेल. एकदा मामा मला गच्चीवरच्या खोलीत घेऊन गेले. तिथे मोटर होती, खाचांचं मोठं चाक होतं आणि चाकावरून गेलेले चार तारेचे दोर.

"एका टोकाला आपुन, दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या लाद्या," ते म्हणाले. "तराजूच हाय, ताई. मोटर नुसतं पारडं इकडचं तिकडं करती. आन् लाईट गेली की ब्रेक आपसूक आवळतो. म्हणून पडत न्हाई."

ही गिअरची, सावकाश चालणारी, असं त्यांनी सांगितलं. पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींत बिनगिअरची असते, ती लई पळते. आणि आता तिसरी निघाली आहे, तिची मोटर लिफ्ट वर-खाली जाते त्या बोळातच बसते, वर खोली लागत नाही. तिसरीचं सांगताना त्यांनी चाकावरची धूळ फडक्याने पुसली.

लाईट गेली की ते आधी अडकलेल्यांना विचारायचे, किती जण हाय? मग गच्चीवर जाऊन ब्रेक सैल करायचे आणि हाताने चाक फिरवायचे. माणसं कमी असली तर लोखंड जड, लिफ्ट वरच जाणार. एकदा आत एकटी बाई होती. खाली घ्या म्हणून भांडू लागली. मामा वरून म्हणाले, "खाली यायला अजून चार जण लागत्याल. कुठून आणू?"

दसऱ्यानंतर जुनी काढून ती तिसरीच बसवली, तिला चालवायला माणूस लागत नव्हता. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मामांना महिनाभर ठेवून घेतलं, गरज वाटली तर पुढचं बघू म्हणाले. मामा तिसगावकडचे. ऊसतोडीत कंबर गेली, म्हणून ते या कामाला लागले होते. घरचे अजून टोळीत जात. हे काम गेलं तर पुन्हा तेच होतं.

"लाईट जाऊ दे एकदा," ते मला हळूच म्हणायचे. "मग कळंल सायबाला."

एका दुपारी लाईट गेली. लिफ्टमध्ये एक म्हातारी आणि तिची सून होती. साहेब पहिल्या मजल्यावर लिफ्टच्या दारापाशीच उभे होते. मामांनी किती जण ते विचारलं आणि कंबर धरून जिना चढत सुटले. ते दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले नसतील, तेवढ्यात लिफ्ट बॅटरीवर हळूच सरकली, पहिल्या मजल्याला लागली, दार उघडलं. सून म्हातारीचा हात धरून बाहेर आली. साहेबांनी मान हलवली आणि ते आपल्या खोलीत गेले.

मी मामांना बोलवायला वर गच्चीवर गेले. खोलीत मोडक्या खाटा आणि सलाईनचे स्टँड टाकलेले होते. चाक होतं त्या जागी ते उभे होते, धापा टाकत.

"निघाले का?"

"निघाले, मामा."

"आपली आपुन?"

मी व्हय म्हणाले. ते खाटेच्या कडेला बसले. "माझ्या ध्यानातच न्हाई राह्यलं," म्हणाले, "हितं काय बी न्हाई ते."

महिना भरला त्या दिवशी मी जिना पुसत होते. ते डब्याची पिशवी घेऊन उतरले. ओल्या फरशीवर पाय उमटू नयेत म्हणून भिंतीकडेने, एकेक पायरी. मी बाजूला सरकले.

परवा त्यांच्या गावचा एक पेशंट आला होता. मामा टोळीबरोबर कोपरगावकडे गेलेत, तो म्हणाला. वाकून कोयता धरवत नाही, म्हणून मोळ्या वाहतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना त्यांना दर वेळी मध्येच थांबावं लागतं, आणि मागचे त्यांच्यावर ओरडतात.