बोकडांमागं दर्यात

नरसी नामदेवच्या शिवारात शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या मल्हारीला समुद्र बघायची हौस नव्हती. त्याचं कयाधूवर भागत होतं, आणि उन्हाळ्यात कयाधू आटली की तिच्या पात्रात खणलेल्या झऱ्यावर. बेचाळीस साल होतं. लढाई जोरात चालली होती म्हणे, पण ती कुठं चालली होती हे नरसीत कुणाला नेमकं सांगता येत नव्हतं. पुनमचंदच्या दुकानात राकेल कमी आलं, आणि बर्माचा तांदूळ यायचा थांबला. बर्माचा तांदूळ नरसीत पूर्वीही कुणी खात नव्हतं, तरी तो थांबल्याची हळहळ सगळ्यांनी केली.

त्या सुमाराला हिंगोलीहून खाजा मिया आला. खाजा मिया बोकडांचा व्यापारी. मल्हारीच्या बापापासूनचा घरोबा. त्यानं मेंढवाड्यातल्या बोकडांच्या पाठी चाचपल्या, खाली बसला आणि म्हणाला,

"मल्हारी, फौजेतले आपले लोक डब्यातलं गोश्त खाईनात. कोणाला हलाल पायजे, कोणाला झटका. म्हणून बोकड जिवंत जाऊन राह्यले."

"कुठं?"

"बसऱ्याला. दर्याच्या पल्याड."

"तिथं चारा हाय का?"

"खजूर हाय."

मल्हारीनं थोडा विचार केला. बोकड खजुराच्या बिया खाईल, असं त्याला वाटलं. सौदा झाला. बोकडं मुंबईच्या गोदीपर्यंत पोचवायची, तिथून मल्हारीनं माघारी यायचं. बायकोला, अनुसयाबाईला, तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "लोकरीची कातरणी जवळ आली. लवकर या." आणि मेंढरांकडं वळली.

गोदीवर बोकडं अडली. आगबोटीवर चढायला लाकडी फळी टाकली होती, आणि फळीच्या फटीतून खाली पाणी दिसत होतं. खलाश्यांनी शिंगं धरून ओढलं, शेपट्या पिरगाळल्या. एक बोकड पाण्यात गेलं. खलाश्यांचा मुकादम रत्नागिरीचा दाऊद सारंग होता. त्यानं कपाळाला हात लावला. मल्हारीला ते बघवेना. त्यानं म्होरक्या बोकडाचा कान धरला, जिभेनं टकटक केलं आणि फळीवरून चढून गेला. मागून सगळा कळप गेला, देवळात जातात तसा, एकामागं एक.

बोटीच्या पोटात बांबूचे कठडे केले होते. मल्हारीनं बोकडं आत घातली, पाणी पाजलं, एकाच्या खुरातला खिळा काढला. हे सगळं उरकून वर आला तर मुंबई मागं सरकत होती.

"गोदी कुठं चालली?" त्यानं दाऊदला विचारलं.

"गोदी जागेवर आहे," दाऊद म्हणाला. "आपण चाललोय."

बोकडं सांभाळायला ठेवलेला माणूस आलाच नव्हता. कप्तानानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. दाऊदनं त्याचं मराठी केलं, "साहेब विचारतोय, पगारावर राहतोस का इथंच उतरतोस?"

मल्हारीनं पाण्याकडं बघितलं आणि राहतो म्हणाला. खाजा मिया त्या वेळी गोदीच्या फाटकाबाहेर चहा पीत होता. मला ठाऊकच नव्हतं, असं तो पुढं आयुष्यभर शपथेवर सांगायचा. अनुसयाबाईनं ती शपथ कधी खरी धरली नाही.

पहिल्यांदा मल्हारीला लागली ती बोट. बोकडांनाही लागली. माणसं ओकत होती, बोकडं माना टाकून उभी होती, आणि दोघांमधून मल्हारी घमेलं घेऊन फिरत होता. सावरल्यावर त्यानं वर येऊन समुद्र बघितला. मागंपुढं आणखी बोटी होत्या, त्यांच्या कडेनं तोफेची एक बोट कुत्र्यासारखी घिरट्या घालत होती. कळप असा चालतो, हे मल्हारीला लगेच पटलं. कुत्रं एकच होतं, हे पटलं नाही.

"एवढ्या कळपाला एक कुत्रं?" तो म्हणाला.

"दुसरी कुत्री दुसऱ्या समुद्रात आहेत," दाऊद म्हणाला.

बसऱ्याला बोकडं उतरली. त्यांच्यामागून गव्हाची पोती, तंबू, औषधांच्या पेट्या, शिलाईची यंत्रं, घोड्यांचे नाल उतरले. लढाईला एवढं सामान लागतं, हे मल्हारीला नवं होतं. तो समजत होता, बंदूक आणि माणूस झालं की भागलं. मग रिकाम्या बोटीत खजुराची पोती आणि राकेलचे पत्र्याचे डबे चढायला लागले. पुनमचंदच्या दुकानात असायचे तसेच डबे.

"हे आमच्याकडं येतंय?" त्यानं विचारलं.

"बोट पोचली तर," दाऊद म्हणाला. "नाही पोचली तर तुमच्याकडं अंधार."

मल्हारी बराच वेळ डब्यांकडं बघत राहिला. आपण दुकानदाराला उगीच शिव्या दिल्या, असं त्याला वाटलं. मग त्याला आठवलं, पुनमचंद राकेलात पाणीही घालायचा. त्यानं शिव्या माघारी घेतल्या नाहीत.

मुंबईला परत आल्यावर तो सरळ हिंगोलीची गाडी धरणार होता. पण गोदीवर खाजा मिया दुसरा कळप घेऊन उभा.

"काहून फसवलं मला?"

"फसवलं न्हाई रे बाबा. बोट निघून गेली, मी काय तिच्यामागं पोहू? अनुसयाला निरोप देला मी. बराबर देला."

मल्हारी त्याला पुढं बोलणार होता, पण त्याची नजर कळपावर गेली. बोकडांत एक काळी शेळी होती, आणि ती गाभण होती. ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ही बोटीवर विणार, आणि विणाऱ्या शेळीला धरायला तिथं कोण आहे? खलाशी तिला शेपटीनं धरतील. मल्हारीनं खाजा मियाला मनसोक्त शिव्या दिल्या आणि फळीवरून वर गेला. या खेपेला त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही.

शेळी अरबी समुद्रात व्याली. एकच करडू झालं, पण धडधाकट. त्यानंतर एका सकाळी मल्हारी तिची धार काढत असताना विहिरीची दरड कोसळावी तसा आवाज झाला आणि तांब्या हातातून उडाला. बोट एका अंगाला कलली. पाणबुडीनं मारलं होतं. वर धावपळ, खाली पाणी. मल्हारीनं आधी कठड्यांच्या दोऱ्या सोडल्या. बोकडं वर धावली, काहींनी समुद्रात उड्या टाकल्या. ती पोहत होती, पण कुठं जायचं हे त्यांना कळत नव्हतं. मल्हारी पुढं कधी या गोष्टीबद्दल एक वाक्यही बोलला नाही.

तो जीव वाचवायच्या होडीपाशी आला तेव्हा बगलेत काळी शेळी आणि घोंगडीच्या खोळीत करडू होतं. होडीत बसलेला धाकटा गोरा अधिकारी ओरडायला लागला.

"चढू दे, साहेब," दाऊद म्हणाला. "वाद घालत बसलो तर सगळेच बुडू."

होडीत पाण्याचं पिंप लहान होतं आणि माणसं दाटीनं बसली होती. बोटीच्या भट्टीवर काम करणारा सिल्हेटचा एक आगवाला होडीत आडवा होता. वाफेनं त्याचं तोंड भाजलं होतं, बिस्किट गिळवत नव्हतं. मल्हारी करडाला थोडं पाजायचा आणि उरलेलं दूध बोटानं त्या माणसाच्या ओठांत सोडायचा. दूध घोटभरच निघायचं. शेळीला चारा नव्हता, म्हणून तिनं होडीवरचं तागाचं कापड खाल्लं, मग एक दोरी, मग गोऱ्याची टोपी. गोऱ्यानं टोपीबद्दल तक्रार केली नाही. तो घोंगडीच्या सावलीत बसायचा आणि घोंगडी मल्हारीची होती.

पिंप तळाला गेलं तेव्हा कुणीतरी सुरी काढली. सगळे शेळीकडं बघायला लागले. मल्हारी शेळीपुढं सरकून बसला.

"कापली तर आज खाल," तो म्हणाला. "मग ह्या माणसाला उद्या काय पाजू?"

दाऊदनं सुरी घेतली आणि कमरेला खोचली. त्या दुपारी मल्हारीला कातरणीची आठवण झाली. अनुसया एकटीच मेंढरं आडवी पाडत असेल, असं मनात आलं आणि तो रडला. दाऊदनं विचारलं तर वाऱ्यानं डोळे चुरचुरतात म्हणाला. वारा पडलेला होता.

खजूर भरून चाललेल्या एका कच्छी गलबतानं त्यांना उचललं. नाखव्यानं आधी पाणी दिलं, मग खजूर, मग शेळी मागितली. मारायला नव्हे, चहाला दूध नव्हतं म्हणून. मल्हारीनं तिची धार कशी काढायची ते दाखवलं, करडू तिच्याजवळच राहील असं कबूल करून घेतलं आणि कराचीला उतरला. आगवाला वाचला होता. निघताना त्यानं मल्हारीचा हात धरून बंगालीत बरंच काही सांगितलं. मल्हारी सगळ्याला व्हय म्हणाला.

हिंगोली स्टेशनवर उतरून तो पायी नरसीला आला. अनुसयाबाई वाड्यात मेंढरं मोजत होती. तिनं त्याला बघितलं, मोजणी पुरी केली, मग जवळ आली.

"बोट बुडाली म्हून खाजा मिया सांगून गेला," ती म्हणाली. "बायका बांगड्या फोडायला आल्त्या. म्या न्हाई फोडू देल्या."

"काहून?"

"त्याच्या बोलण्यावर म्या कधी एक शेळी ईकली न्हाई. बांगड्या काय फोडू?"

एवढं बोलून ती खाली बसली आणि तिचा हुंदका काही आवरेना. मल्हारी शेजारी बसून राहिला.

त्यानंतर तो बोटीवर गेला नाही. राकेल उशिरा आलं की गावातले लोक त्याला विचारायचे आणि तो सांगायचा, येतंय, वाटंत असंल. लढाई संपली तरी लोक विचारतच राहिले.

नरसी निजामाच्या राज्यात होतं. अठ्ठेचाळीस साली त्या राज्याची सरहद्द बंद झाली आणि बाहेरचा माल थांबला. मीठ दिसेना. माणसं अळणी खाऊ लागली, मेंढरं भिंतीचा खार चाटू लागली. पुनमचंद स्वतः वाड्यावर आला.

"मल्हारी, तू बघितलाय म्हून इचारतो. समुद्र बंद पडला का काय?"

"समुद्र चालू हाय, शेठ. सरहद्दीवरचा कनेरगावचा नाका बंद हाय."

पावसाळा सरता सरता निजामाची सत्ता गेली आणि नाका उघडला. मिठाच्या गाड्या वाशीमकडून येणार अशी बातमी लागली, तेव्हा मल्हारी आणि अनुसयाबाई अख्खा कळप घेऊन कनेरगावला गेली. मीठ मेंढरांकडं आणण्यापेक्षा मेंढरं मिठाकडं नेणं सोपं, असा मल्हारीचा हिशेब होता. पहिली गाडी थांबली आणि गाडीवान खाली उतरायच्या आत मेंढरांनी चहूकडून पोती चाटायला सुरुवात केली. गाडीवान चाबूक घेऊन ओरडत फिरला. अनुसयाबाई त्याच्या आडवी उभी राहिली.

"चाटू दे, दादा," ती म्हणाली. "वरचंच चाटून राह्यली. आतलं तुमचंच हाय."