मद म्हणजे खातं

पूर्व दिल्लीतल्या पालिका कार्यालयात, वसुलीच्या खिडकीपाशी तो माझ्या पुढं उभा होता. पन्नाशीचा असेल. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, आणि बोटांचा सारखा त्याच बटणाशी चाळा.

कारकुनानं विचारलं, "किस मद में?"

"दारूच्या," तो मराठीतच बोलून गेला.

मद म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरं काय सुचणार? मी हळूच म्हणालो, "दादा, इथं मद म्हणजे खातं."

तो ओशाळला आणि सांगू लागला. धाकट्या भावाची दारू सोडवायला त्याला पालिकेच्या दवाखान्यात ठेवलं होतं, त्या खर्चाची नोटीस आली होती. उपचाराच्या खात्यात धरला तर खर्च माफ होणार होता. पण कारकून म्हणाला, "ये इलाज नहीं, आवास में जाएगा."

"सलाइन लावली, हातपाय बांधले, तरी आवास, म्हणजे राहण्याचा खर्च?" तो पुटपुटला. मलाही काही कळेना.

तो माझ्याकडं वळला. "आईला आम्ही आजारपण सांगितलंय हो. आता काय सांगू, राहायला गेला होता?"

बटण चाचपत तो बाजूला झाला.

"किस मद में?" कारकुनानं आता मला विचारलं. आपण घरपट्टी भरायला आलोय, हे मला चटकन आठवेचना.