अडचणी : निरंक

आमच्या मासिक अहवालाच्या शेवटी एक रकाना असतो. त्याचं नाव 'अडचणी'. मी नोकरीला लागले तेव्हा तो होता आणि पोर्टल आल्यावरही आहे. पोर्टल आलं की कागद बंद होईल असं ज्या साहेबांनी सांगितलं होतं, त्यांची बदली झाली आणि कागद राहिला. या रकान्यात काय लिहायचं हे मला माझ्या पहिल्या आरोग्य उपकेंद्रावर आधीच्या सिस्टरने चार्ज देताना शिकवलं. तिने कपाटाच्या किल्ल्या दिल्या, लसीचा डबा दिला, गावातलं कोणतं कुत्रं चावतं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "अडचणीत निरंक लिहायचं. दुसरं काही लिहू नको वं बाई."

निरंक म्हणजे काही नाही. सरकारी कागदाबाहेर हा शब्द मी कुठे ऐकलेला नाही. डब्यातली साखर संपली तर कुणी 'साखर निरंक' म्हणत नाही. पण आमच्या हाताला तो असा बसला की मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'पाल्याचे छंद' यापुढेही मी निरंक लिहून आले. मुलगी तेव्हा कथ्थक शिकत होती. ती अजून बोलून दाखवते.

तसं लिहिण्यामागे कारण होतं. शेजारच्या उपकेंद्रातल्या एका सिस्टरने एकदा त्या रकान्यात 'छत गळते' असं लिहिलं होतं. तिला पत्र आलं. छत कधीपासून गळते, आधी का कळवले नाही, छायाचित्र तीन प्रतींत सादर करावे, आणि रजिस्टर भिजले असल्यास त्याची जबाबदारी कोणाची याचा खुलासा करावा. खुलासा देता देता तिच्या नाकी नऊ आले. त्यानंतर आमच्या तालुक्यात एकाही उपकेंद्राचं छत गळलं नाही.

पुढे मी सुपरवायझर झाले. भिवापूरकडची सहा उपकेंद्रं माझ्याकडे आली. घर नागपुरात सक्करदऱ्याला, नोकरी बसमध्ये आणि उरलेला जीव परिचारिकांच्या संघटनेत, अशी माझी विभागणी होती. संघटनेची मी सचिव. आमचं मुख्य काम निवेदन देणं. निवेदन म्हणजे साहेबांच्या हातात फुलांचा गुच्छ द्यायचा, गुच्छाखालून कागद सरकवायचा आणि सगळ्यांनी फोटोत यायचं. कागदाचं पुढे काय होतं ते माहीत नाही, फोटो मात्र ग्रुपवर त्याच दिवशी यायचा.

पण एक निवेदन आम्ही नऊ वर्षं चिकाटीने दिलं. जिल्ह्यातल्या सगळ्या नर्सेसवर देखरेख ठेवणारी जी जागा होती, तिच्यावर कायम असा माणूस बसायचा ज्याने आयुष्यात कुणाला इंजेक्शन दिलेलं नाही. ती जागा नर्सलाच मिळावी, ही मागणी. नऊ वर्षांत चार साहेब बदलले, गुच्छाचा भाव वाढला आणि एक दिवस मागणी चक्क मान्य झाली. ज्येष्ठता यादीत पहिलं नाव माझं होतं. मी बाहेरून शांत होते. आतून मी त्या खोलीच्या पडद्यांचा रंग ठरवून मोकळी झाले होते.

संघटना दरवर्षी दोन दिवसांची नेतृत्व विकास कार्यशाळाही घेते. पहिल्या दिवशी पुण्याहून एक गृहस्थ येतात आणि पडद्यावर सिंहाचं चित्र दाखवून विचारतात, तुम्ही कोण? आम्ही 'सिंह' म्हणतो, मग चहा होतो. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर माझं सत्र असायचं, 'अहवाल लेखन'. दोन दिवसांत लोक जागे राहायचे ते याच सत्रात, हे मी अभिमानाने सांगायचे. त्यात मी नव्या मुलींना सांगायचे, की अडचण तोंडी सांगा, वरिष्ठ बघून घेतील. कागदावर काय लिहाल? मुली एका सुरात म्हणायच्या, "निरंक." टाळ्या व्हायच्या.

त्या मुलींत एक होती. कंत्राटी आरोग्य सेविका, माझ्याच सहा उपकेंद्रांपैकी एकावर. तिचा करार दरवर्षी नव्याने व्हायचा. घरी आजारी वडील आणि कमावणारी ती एकटी. बोलायची कमी, ऐकायची सगळं. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिने मासिक अहवाल आणून दिला. मी सवयीने शेवटचा रकाना पाहिला. तिथे निळ्या शाईत नीट अक्षरात लिहिलं होतं : बीपीचे मशीन बंद आहे. गरोदर मातांचा बीपी मोजता येत नाही.

"हे काय वं?" मी विचारलं.

"बंदच आहे ना मॅडम. पट्ट्यातून हवा जाते."

"मले सांगायचं ना मग. लिहून कशाले राहिली? उद्या तुलेच विचारतील, कधीपासून बंद, काहून बंद, कोनं पाडलं."

मी बॅगेतून कोरा फॉर्म काढून दिला. तिने माझ्यासमोर बसून अख्खा अहवाल पुन्हा उतरवला. शेवटी निरंक लिहिलं. मी खाली 'पडताळणी केली' लिहून सही केली आणि आधीचा कागद फाडून टाकला. हे मी तिच्या भल्यासाठी केलं असं मला तेव्हा वाटत होतं. थोडं माझ्याही भल्यासाठी केलं, कारण त्या जागेच्या नेमणुकीची यादी कधीही लागणार होती.

मशीनचं मी आरोग्य केंद्रात खरोखर सांगितलं. भांडारातल्या बाबूने अहवाल काढून पाहिला आणि म्हणाला, "रिपोर्टात तर अडचण नाही. मग मशीन कशाले?" मी दुसऱ्या महिन्यात पुन्हा सांगितलं, तिसऱ्या महिन्यात विसरले. असे सात महिने गेले. सात अहवाल, सात निरंक, सात माझ्या सह्या.

भिवापूरकडे मिरचीचा हंगाम सुरू झाला, की वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, म्हणजे सातऱ्यावर, बायका रांगेने बसून मिरच्यांचे देठ खुडतात. त्यात त्या मुलीच्या गावची एक बाई होती, आठवा महिना लागलेला. तालुक्याला तपासणीला जायचं तर दिवस मोडतो, म्हणून ती उपकेंद्रावरच यायची. सातऱ्यावर तिचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. सातऱ्यावर सगळ्यांचंच डोकं दुखतं आणि सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं. शेजारणी म्हणाल्या, मिरची झोंबली, तोंड धू. तिने दोन दिवस तोंड धुतलं. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले; बीपी केव्हाचा चढलेला होता.

गाडी मिळाली आणि नागपूरला वेळेत पोचली. ऑपरेशन झालं. बाई वाचली. पोरगी काचेच्या पेटीत बरेच दिवस राहून तीही वाचली.

मोठ्या दवाखान्यातून जिल्ह्याला पत्र गेलं, की या उपकेंद्राचे कागद तपासावेत, आणि जिल्ह्याहून त्या मुलीला नोटीस आली. उपकरण नादुरुस्त असल्याचे आपण कळविले नाही, तरी आपला करार पुढे का चालू ठेवावा याचा खुलासा सात दिवसांत करावा. सोबत सात अहवालांच्या झेरॉक्स. प्रत्येकीवर शेवटचा रकाना पिवळ्या पेनाने रंगवलेला. पिवळा रंग माझ्या सहीच्या अगदी वर संपत होता.

संघटनेची तातडीची बैठक अध्यक्षांच्या मनीषनगरच्या फ्लॅटवर झाली. अध्यक्षा म्हणजे निवृत्त मेट्रन, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. तर्री-पोहे झाले. उपाध्यक्षा म्हणाल्या, आपण निवेदन देऊ, मुलगी नवीन आहे, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. सचिवांचं नाव त्यात कुठे यायला नको. नऊ वर्षांचं काम आहे, एकदा जागा हातात आली की अशा शंभर मुलींना आपण मदत करू शकू. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. खरं सांगायचं तर मला तो विचार फार आवडला होता.

अध्यक्षांनी प्लेट खाली ठेवली. "तिनं तुले सांगतलं होतं का?"

"हो."

"तोंडी?"

"लिहून. मीच कागद बदलायले लावला."

मग अध्यक्षा म्हणाल्या, "मंग निवेदन कोनासाठी देऊन राहिलो आपण? तिच्यासाठी का तुह्यासाठी?"

मी प्लेटमधले पोहे चाळवत राहिले.

"नऊ वर्षं आपण काय बोंबलत होतो? का नर्सची अडचण नर्सलेच समजते, म्हणून तिथं नर्स बसवा. तुले तं समजली होती वं. समजली, अन् तू फाडून फेकली."

मला राग आला. मी तीस वर्षं उन्हातान्हात गावं पालथी घातली, हे यांना दिसत नाही का, असं वाटलं. बसमध्ये बसल्यावरही तो राग टिकवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तो सक्करदऱ्यापर्यंतही पुरला नाही. उरली ती लाज, आणि ती मला चार दिवस जेवू देईना.

चौकशी जिल्ह्याच्या कार्यालयात होती. अध्यक्षा काठी टेकत तीन जिने चढून आल्या, गुच्छ न घेता. संघटनेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. साहेब सभ्य होते. त्यांनी मुलीला विचारलं, "आपण कळवलं का नाही?" ती माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत राहिली. ती माझं नाव घेणार नव्हती, हे मला तेव्हा कळलं. संघटनेने तिला तेही शिकवलं होतं.

मी उठून म्हणाले, "तिने पहिल्याच महिन्यात लिहून दिलं होतं. मी तो अहवाल फाडला आणि निरंक लिहायला लावलं. संघटनेच्या कार्यशाळेतही मी हेच शिकवते."

साहेबांनी चष्मा काढला. "हे लेखी द्याल?"

"कागद द्या," मी म्हटलं. अर्धं पान लिहायला मला पाऊण तास लागला. तीस वर्षं दुसरं काही लिहिलं नसलं की असं होतं.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी ती उभी होती. आभार मानेल असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "मॅडम, तो रकाना मी दोन दिवस विचार करून लिहिला होता." मग पाण्याची बाटली भरून ती भिवापूरच्या बससाठी निघून गेली.

तिचा करार वाढला. मला सक्त ताकीद मिळाली आणि यादीतलं माझं नाव खाली गेलं. जागा दुसऱ्या क्रमांकावरच्या सिस्टरला मिळाली. तीही संघटनेचीच, त्यामुळे सत्कार आम्हीच केला आणि प्रास्ताविक सचिव या नात्याने मी केलं. चांगलं झालं असं सगळे म्हणाले. तिने पडदे हिरवे लावले आहेत. मी लावले नसते.

नवीन मशीन आल्यावर त्या बाईच्या घरी भेट होती. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपणहून गेले. पोरगी पाळण्यात झोपली होती. तीच मुलगी, आमची सिस्टर, बाईच्या दंडाला पट्टा बांधत होती आणि मी उंबऱ्याजवळ बसून मनात जुळवलेलं वाक्य बोलून टाकलं, की तुमचा बीपी वेळेवर मोजला गेला नाही, ती चूक आमची.

"तुमची नाही जी," बाई म्हणाली. "हिनं मले दर वेळेस सांगतलं, मशीन बंद आहे, मी वर लिहून देल्लं, येईल. दवाखान्यात मी शुद्धीवर आली तं डॉक्टर इचारे, बीपी काहून नाही मोजला, नर्स काय करून राहिली होती? मी म्हटलं, सिस्टरले नका बोलू साहेब. तिनं वर लिहून देल्लं आहे, कागद पाहून घ्या." मग तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "बराबर सांगतलं ना मी?"

सिस्टरने मान वर केली नाही. ती हवा भरत राहिली.

"बरोबर सांगितलं," मी म्हणाले. "तिनं लिहिलं होतं."