साक्षगंधाला पांढरी लुंगी

स्वतःच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी पांढरी लुंगी नेसून गेलो. मुलीच्या घरी, केनवडला, भर सकाळी.

त्या काळी मी मद्रासला नोकरीला होतो. तिकडं पांढऱ्या लुंगीला जो मान, तो आपल्याकडं कोटालाही नाही. आमचे मोठे साहेब पोरीच्या लग्नात तीच नेसून हात जोडत उभे होते. शिवाय गाडीत हवा लागते. येताना तिरुपतीला उतरलो. लग्न जमावं म्हणून बोललेला नवस होता. तिथल्या न्हाव्यानं डोक्याचा गोटा केला आणि न विचारता मिशीही घेतली. आरशात पाहिलं, बरा दिसत होतो. निदान मला तसं वाटलं.

वडील आणि मंडळी इंझोरीहून दुपारच्या एसटीनं येणार होती. मी वाशीमला गाडीतून उतरलो तो परस्पर केनवडला.

होणारे सासरे दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होते. त्यांनी माझं डोकं पाहिलं, मिशीची जागा पाहिली, लुंगी पाहिली आणि तोरण हळूच खाली घेतलं. मला छातीशी धरलं. आत बायकांचा हुंदका फुटला. जावई पहिल्यांदाच दारी आला म्हणून भरून आलं असेल, असं समजून माझेही डोळे ओले झाले. त्यानं त्यांची खात्रीच पटली.

मला घोंगडीवर बसवलं. पुरणाचं पातेलं चुलीवरून उतरलं. शेजारचे लोक येऊन गप बसले. "असं असूनबी सबदाले जागला," कोणीतरी पुटपुटलं. मी मान खाली घालून बसलो. जावयानं फार बोलू नये, एवढं मला माहीत होतं.

शेवटी सासरे म्हणाले, "वरीसभर थांबू. पोरगी काई पयून नाई चालली."

मुलगी मला फार पसंत होती. "वरीसभर? कायले?"

"बापाचं वर्ष सरल्याबिगर कसं करता, जवाईबापू?"

बाप गेला की मुलानं डोकं-मिशी काढायची, पांढरं नेसायचं, उघड्या डोक्यानं हिंडायचं, ही आमच्या वऱ्हाडातली रीत. मी याच मातीतला. पण आठवली ती तेव्हा.

"बाबा तर दुपारच्या एसटीनं येऊन राह्यले!" मी ओरडलो.

एक म्हातारा शेजारच्याच्या कानाला लागला. "डोक्यावर परिनाम झाला पोट्ट्याच्या. होते असं."

दुपारी लाल फेटा बांधून, विडा चघळत वडील आपल्या पायांनी आले. दाराला तोरण नाही, चूल थंड, मी घोंगडीवर.

"कोन मेलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी," सासरे म्हणाले.

मी उभा राहून मद्रासची सगळी रीत सांगितली, मोठ्या साहेबांसकट. वडिलांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या डोक्यावर टाकला, भांड्यावर झाकण टाकावं तसा.

"मंग साक्षगंध?" मी आतूनच विचारलं.

सासऱ्यांनी तोरण उचललं आणि माझ्याकडं न बघता वडिलांना म्हणाले, "पोरगी देतो. नवरदेवाचे कपडे तसेबी आमालेच करा लागते. आता घालून द्यायले मानूसबी आमीच ठेवतो."